अगं, बसलीस का?

बायकोला नावाने हाक न मारण्याचे तोटे पुष्कळ आहेत, पण त्यातला हा एक तोटा कानसेनला बापजन्मी कोणी सांगितला नव्हता.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. तो पाणीखात्यात गळती तपासनीस होता. रस्त्याखालचा नळ कुठे फुटलाय हे शोधायचं, तर लांब लोखंडी दांडी जमिनीला टेकवायची आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा. खात्यात आता यंत्रं आली होती, पण यंत्राने हात टेकले की यालाच बोलावत. तीन हात खोल पाणी ठिबकत असलं तरी हा डोळे मिटून सांगे, ‘इथे खणा,’ आणि नेमकं तिथेच पाणी निघे. म्हणून खात्याने त्याला कानसेन केलं. बायकोला हे नाव मुळीच मान्य नव्हतं. ‘जमिनीखालचं ऐकू येतं म्हणे यांना,’ ती म्हणायची, ‘आणि स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी ढिम्म!’

बायको नर्स. सगळं जग तिला सिस्टर म्हणे. कानसेन तिला ‘अगं’ म्हणे, ती त्याला ‘अहो’ म्हणे, आणि एवढ्या भांडवलावर दोघांचा संसार सव्वीस वर्षं चालला होता. एक मुलगी होती. ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती आणि न चुकता रोज आईशी फोनवर भांडत होती.

अशात सिस्टरला पत्र आलं. बसने आठ तास लागतील अशा गावी नवीन इस्पितळ निघालं होतं, तिथे मेट्रन म्हणून तिची निवड झाली होती. होकार की नकार, ते सोमवारी कळवायचं होतं.

‘तुम्ही काय म्हणता?’ तिने विचारलं.

‘बघू,’ कानसेन म्हणाला.

म्हणायचं होतं, नको जाऊस. पण समोरासमोर मनातलं बोलायची वेळ आली की त्याच्या घशात बूच बसायचं. लग्नाआधी होकारसुद्धा त्याने मामाकरवी कळवला होता. त्याला मोकळेपणाने बोलता यायचं ते फक्त मोटरसायकलवर. आपली पाठ तिच्याकडे, डोळे रस्त्यावर, मग जीभ सैल सुटे. म्हणून त्याने बेत काढला, की रविवारी अभयारण्यातले धबधबे बघून येऊ, मोटरसायकलवरून.

‘बस जात नाही का तिथे?’ सिस्टर म्हणाली.

‘बसला ती मजा नाही.’

रविवारी सकाळी दोघं रेनकोट चढवून निघाली. गाडी सुरू करण्याआधी तो ‘अगं, बसलीस का?’ विचारायचा, ती ‘बसले’ म्हणायची, आणि मगच गिअर पडायचा. हा शिरस्ता लग्नाइतकाच जुना होता. शहर मागे पडलं तसा कानसेनने घसा साफ केला.

‘अगं, मी काय म्हणतो...’

‘हळू! खड्डा आहे पुढे!’

खड्डा गेला. त्याने पुन्हा जुळवाजुळव केली. ‘हे बघ, मला असं वाटतं...’

‘हळू हो! ट्रक दिसत नाही का?’

दोन तासांत त्याने सतरा वेळा सुरुवात केली आणि सतरा वेळा ‘हळू’ आडवं आलं. पाठीवर चापट्या बसल्या त्या वेगळ्याच. अभयारण्याचं फाटक आलं तेव्हा त्याचं भाषण अजून पहिल्या वाक्यातच अडकलेलं होतं.

फाटकावर चौकीदार होता. मिशा पांढऱ्या, गणवेश इस्त्रीचा, आणि पुढ्यात जाडजूड वही. नावं-गावं विचारायची त्याला सवय नव्हती. गाडीचा नंबर लिहायचा आणि पुढे माणसांचा आकडा.

‘आत, दोन,’ तो लिहिता लिहिता म्हणाला. ‘साडेपाचला फाटक बंद. आत गेलेले सगळे बाहेर आले पाहिजेत. मला वहीत वजाबाकी चालत नाही.’

जंगलात तीन धबधबे होते. लोक त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणत. थोरल्यापाशी बरीच गर्दी होती, सगळे आ वासून वर बघत होते. कानसेनने एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि मान हलवली. ‘एवढी गळती आमच्याकडे झाली असती ना, तर साहेबाला घरी बसवला असता.’

मधल्यापाशी दोघं खडकावर बसली. सिस्टरने थर्मासमधून चहा ओतला, बिस्किटं काढली. पाण्याचा आवाज कानठळ्या बसवणारा होता, म्हणजे निम्मी पाठ फिरवल्यासारखंच झालं. कानसेनने धीर एकवटला आणि समोर बघत ओरडला, ‘नको जाऊस!’

सिस्टरने तोंडाशी नेलेलं बिस्किट खाली ठेवलं. ‘का? मऊ पडलंय का?’

‘काय?’

‘तुम्हीच म्हणालात ना, नको खाऊस!’

कानसेनने मुकाट्याने ते बिस्किट स्वतः खाल्लं.

धाकटा सगळ्यात आत होता, फाटकापासून अकरा किलोमीटर. तिथे रस्ताच संपत होता. नावाप्रमाणे धबधबा लहानसा, पुरुषभर उंचीचा. पण त्याच्या पायथ्याशी डोह होता, काळा आणि गार. दुपार कलली होती, झाडांमधून धुकं उतरत होतं, आणि तिथे दुसरं चिटपाखरू नव्हतं.

सवयीने कानसेनने कान दिला. वरून पाणी पडत होतं, तो आवाज ओळखीचा. पण त्याच्या खाली आणखी एक आवाज होता. थांबून थांबून येणारा. कोणी गोष्ट सांगत असावं आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यावेत, तसा... हं... हं...

‘खाली कपार असणार,’ कानसेन म्हणाला. ‘हवा अडकली की असा आवाज येतो.’

‘हं,’ डोह म्हणाला.

सिस्टर तेव्हा वाटेवरच्या बाकावर बसून पायातला खडा काढत होती, तिने काही ऐकलं नाही. कानसेनने घड्याळ पाहिलं. पावणेपाच! त्याला उगाचच घाई झाली. ‘चल, चल, फाटक बंद होईल,’ म्हणत तो तरातरा गाडीकडे निघाला. हेल्मेट चढवलं, किक मारली. मागे पावलं वाजली.

‘अगं, बसलीस का?’

‘बसले.’

गाडीचं मागचं चाक नेहमीसारखं दबलं. कानसेनने गिअर टाकला.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला वळून बघायला काय झालं होतं? सव्वीस वर्षं जो माणूस वळून बघत नाही, तो त्याच दिवशी कशाला बघेल?

धुकं रस्त्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंनी झाडं टपटप गळत होती. खांद्यावर हात पडला. गार होता, पण धाकट्याचं पाणीच तसं गार, असं कानसेनच्या मनात आलं. वास येत होता, शेवाळाचा, दिवसेंदिवस भिजत पडलेल्या गोणपाटाचा. तो रेनकोटचा असेल. पहिला खड्डा आला आणि गेला. दुसरा आला, तो तर चांगला दणदणीत. गाडी उडाली. कानसेनने पाठ चापटीसाठी तयार ठेवली.

काहीच नाही. ना चापटी, ना हळू.

‘अगं, रागावलीस का?’

‘नाही.’

सिस्टर ‘नाही’ म्हणायची ते रागावलेली असतानाच. हे ‘नाही’ मात्र खरोखरचं होतं. इथेच त्याच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण माणसाला सुख मिळालं की तो चौकशी करत नाही.

‘मी गाडी चांगली चालवतो की नाही?’

‘हो... फार चांगली.’

कानसेनचा ऊर भरून आला. ‘आणि त्या पंख्याच्या भानगडीत चूक तुझ्या भावाची होती की नाही?’

‘भावाचीच.’

असा योग आयुष्यात एकदाच येतो. त्याने वेग थोडा कमी केला आणि सकाळपासून अडकलेलं भाषण सोडून दिलं.

‘अगं, नको जाऊस. मला चहा येतो, भातही येतो, तो प्रश्न नाही. पण संध्याकाळी तू ड्यूटीवरून येतेस, चपला काढतेस आणि पहिलं काय बोलतेस? दिवा का नाही लावला. तुला वाटतं, मी आळशी आहे. मी मुद्दाम लावत नाही गं. तू येऊन ते म्हणेपर्यंत मला घर घरासारखं वाटतच नाही. मेट्रन होशील, मोठी होशील, सगळं मान्य. पण मी त्या अंधारात कोणाची वाट बघायची? मला भीती वाटते. एवढंच आहे. सव्वीस वर्षांत एवढंच बोलायचं राहिलं होतं.’

डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्याला रस्ता धूसर दिसू लागला. झाडं गळत होती. मग अगदी कानाशी, हेल्मेटच्या आतच कोणी बोलावं तसा आवाज आला.

‘नाही जात.’

‘खरं?’

‘तुम्ही म्हणाल तसं... तुमच्या घरी राहीन. कायमची.’

कानसेनला इतका आनंद झाला, की ‘तुमच्या घरी’ हे जरा खटकलं तरी त्याने ते सोडून दिलं. सिस्टर ‘आपल्या घरी’ म्हणायची, आणि भांडण असलं तर ‘माझ्या घरी’. ‘तुमच्या’ कधीच नाही.

फाटक आलं. चौकीदाराने वही उघडली, मागच्या सीटकडे बघून अदबीने नमस्कार केला आणि लिहिलं, ‘बाहेर, दोन’. फाटक उघडायला तो उठला, तोच टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला.

‘चौकी, चौकी... धाकट्यावरून बोलतोय. फेरीवर आलो तर इथे एक बाई आहेत. त्यांचे मिस्टर त्यांना सोडून गाडी घेऊन गेलेत.’

मागून दुसरा आवाज घुसला, स्वच्छ आणि संतापलेला. ‘म्हणावं, थर्मास विसरला होता तो आणायला वळले होते, स्वर्गाला नव्हते गेले! आणि म्हणावं, हळू या!’

हा आवाज कानसेनने हजारांत ओळखला असता.

चौकीदाराने वॉकीटॉकीकडे पाहिलं. मग कानसेनकडे. मग त्याच्या मागे. ‘मग ह्या...’ तो म्हणाला आणि थांबला.

कानसेन वळला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. सीट रिकामी होती. तिच्यावर ओंजळभर पाणी साचलं होतं आणि कडेने थेंब थेंब खाली पडत होतं.

‘आत्ता तर होत्या,’ चौकीदार हळू आवाजात म्हणाला. ‘मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली.’

‘चेहरा... कसा होता?’

‘रेनकोटची टोपी पुढे ओढलेली होती.’ त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ‘साहेब, वजाबाकीची भीती होती मला, ही तर बेरीज झाली. वाटेत काही बोललात का तुम्ही?’

‘अकरा किलोमीटर बोललो.’

‘काय म्हणून हाक मारलीत?’

‘अगं म्हणून. दुसरं काय म्हणणार?’

चौकीदाराने कपाळावर हात मारला. ‘अहो, अगं हे काय नाव झालं? शहरात ठीक आहे. रानात अगं म्हटलं की कोणीही ओ देतं. आता जा आणि तुमच्या बाईंना घेऊन या. नावाने हाक मारा. आणि... काही मागितलं नाहीत ना?’

कानसेनने रुमालाने सीट पुसली, तरी ती ओलीच राहिली, आणि गाडी वळवली.

परतीचे ते अकरा किलोमीटर त्याने कसे कापले हे त्याचं त्यालाच माहीत. भुतासमोर देवाचं नाव घ्यावं म्हणतात, पण ऐन वेळी त्याला एकही आठवेना. आठवलं ते फक्त खात्याचं वेळापत्रक. तेच तो मोठ्याने म्हणत सुटला. ‘प्रभाग एक, सकाळी सहा ते आठ! प्रभाग दोन, आठ ते दहा! प्रभाग तीन, पाणी कमी दाबाने येईल!’ मागचं चाक हलकं आहे की दबलेलं, याचा विचार त्याने निकराने टाळला.

धाकट्यापाशी बाकावर सिस्टर बसली होती, मांडीवर थर्मास, शेजारी वनरक्षक. कानसेनने लांबूनच तिला नावाने हाक मारली. पूर्ण नावाने, आडनावासकट. लग्नात वरमाला घालतानासुद्धा त्याने ते घेतलं नव्हतं. सिस्टर दचकून उठली, आणि जे भांडण तिने पाऊण तास घासून-पुसून तयार ठेवलं होतं, ते विसरूनच गेली. तिने आधी त्याचं मनगट धरलं.

‘नाडी एकशे वीस! काय झालं हो तुम्हाला?’

कानसेन तिच्याकडे बघत राहिला. समोरासमोर. घशातलं बूच कुठे उडालं कोणास ठाऊक. ‘तू जा,’ तो म्हणाला.

‘कुठे? परत डोहावर?’

‘मेट्रन व्हायला. उद्याच कळव.’

‘आणि तुम्ही?’

‘मला करमणार नाही. फार वाईट वाटेल. पण तू जा. माझ्या सगळ्याला हो म्हणणारी बायको कशी असते ते कळलं मला. देवा, नको!’

‘ताप आहे,’ सिस्टर वनरक्षकाला म्हणाली. पण तिचा आवाज ओला झाला होता, आणि मनगट तिने सोडलं नाही.

निघताना त्याने वळून पाहिलं, चेहरा नीट न्याहाळला, नावाने विचारलं, ‘बसलीस का?’ आणि तरी पुन्हा एकदा हात मागे नेऊन खात्री केली. मग वाटेतला एकही खड्डा त्याने चुकवला नाही. प्रत्येक खड्ड्याला मागून ‘हळू!’ येत होतं, पाठीत चापटी बसत होती, आणि कानसेनच्या जिवात जीव येत होता.

फाटकावर चौकीदाराने सिस्टरकडे निरखून पाहिलं आणि नव्या ओळीत लिहिलं, ‘बाहेर, दोन’.

‘आणि ती आधीची ओळ?’ कानसेनने हळूच विचारलं. ‘ती खोडा ना.’

‘खोडता येत नाही, साहेब. जे बाहेर गेलं ते गेलं.’

घरी आल्यावर कानसेनने सिस्टरला झालेलं सांगितलं. सगळं नाही, शेवटचं वचन तेवढं गाळलं. सिस्टरने शांतपणे ऐकून घेतलं, त्याच्या दोन्ही कानांत औषध घातलं आणि कापूस लावला. सोमवारी तिने होकार कळवला. पंधरा दिवस बांधाबांध चालली, घरात काही वावगं घडलं नाही. सिस्टर होती तोवर काहीच नाही.

तिच्या जाण्याच्या दिवशी सकाळी घराला कुलूप लावून दोघं स्टँडवर गेली. बस सुटताना सिस्टर खिडकीतून रडली आणि रडता रडता म्हणाली, ‘दिवा लावत जा हो वेळेवर!’ कानसेनही रडला, चारचौघांत, समोरासमोर. मग डोळे पुसून घरी आला. तीन जिने चढून दारापाशी पोचतो, तोच खिशातला मोबाइल वाजला. मुलीचा फोन होता.

‘बाबा, आईला झालंय तरी काय?’

‘काय झालंय?’

‘बस चुकली वाटतं तिची. आत्ताच घरच्या फोनवर बोलले मी तिच्याशी. मी म्हटलं, नोकरी सोडतेय, तर म्हणाली सोड. गंमत म्हणून म्हटलं, टक्कल करतेय, तर म्हणाली कर. बाबा, आज ती माझ्याशी भांडलीच नाही! बरी आहे ना ती?’

कानसेनने खिशातून किल्ली काढली.

‘मी विचारलं, आता नवीन नोकरीचं काय? तर म्हणाली, मी कुठे जातेय, मी यांना शब्द दिलाय. आणि घाईघाईने ठेवलाच तिने फोन. म्हणाली, जिन्यात यांची पावलं वाजली, दार उघडायला हवं.’

कानसेनने दाराकडे पाहिलं. सकाळी त्यानेच लावलेलं कुलूप बाहेरून जसंच्या तसं लटकत होतं, आणि किल्ली त्याच्या हातात होती. आत कोणीतरी कडी काढत होतं.